उंबऱ्यावरचं खाकरणं

मुलांनो,

तुम्ही दोघांनी कराटेचा वर्ग सोडल्याचं तुमच्या आईने मागच्या रविवारी फोनवर सांगितलं. का सोडला म्हणून मी विचारलं, तेव्हा मागून धाकटीचा वैतागलेला आवाज आला, "आजी, ते दर वेळी तीच एक चूक सांगतात. मला माहीत आहे ती चूक! माहीत असूनसुद्धा होते, तर मी काय करू?"

या प्रश्नाचं उत्तर मला देता यायला हवं होतं. मी स्वतः तीन वर्षं कराटे शिकते आहे. पांढऱ्या ड्रेसमधल्या माझ्या फोटोला तुम्ही खूप हसला होतात आणि तो फ्रीजवर लावलाही होता. पण मी तिथे नेमकं काय करते, आणि माझी एक चूक तीन वर्षांत का सुटली नाही, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. ते सांगायचं तर आणखी एक गोष्ट सांगावी लागते.

धरणगावजवळच्या गावातली धाकटी आजी, म्हणजे माझी धाकटी जाऊ, तुम्हाला ठाऊक आहे. तिच्याशी बोलताना तिच्या उजव्या बाजूला बसायचं, हे तुम्हाला लहानपणीच शिकवलं. तापात तिचा डावा कान गेला, असं आम्ही सगळे सांगत आलो. ते खरं नाही. खरं सांगायला ज्यांची आडकाठी झाली असती, ते सगळे आता गेले. शेवटचे माझे दीर, गेल्या वर्षी. आणि हे लिहिण्यापूर्वी मी जावेची परवानगी घेतली आहे. म्हणून आत्ता.

वर्गात परत जा, असं सांगण्यासाठी हे पत्र नाही. ते तुमचं तुम्ही ठरवा.

आमचा वर्ग जळगावात आमच्याच कॉलनीच्या ओपन स्पेसवरच्या सभागृहात भरतो. मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळी सात वाजता. शिकवणारी मुलगी तिशीची आहे. वरणगावच्या फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये वाढलेली, त्यामुळे वेळेची पक्की. सात म्हणजे सात. मला ती मॅडम म्हणते, कारण माझा जन्म इंग्रजी शिकवण्यात गेला हे कॉलनीत सगळ्यांना माहीत आहे.

मी नाव का घातलं? तुमचे आजोबा गेल्यानंतर डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, योगाच्या वर्गात मला झोप येई, आणि हा वर्ग घरापासून चार मिनिटांवर होता. यापेक्षा मोठं कारण नव्हतं. कुणापासून स्वतःला वाचवायचं होतं असंही नाही.

पहिलं वर्ष शरीराशी भांडण्यात गेलं. गुडघे वाकवून उभं राहायचं, तर गुडघे कुरकुरत. डावा पाय पुढे म्हटलं की माझा उजवा जाई. जपानी आकडे दहापर्यंत पाठ झाले, पण सहाव्या आकड्याला माझा हात पाचव्यावरच असे. ठरावीक हालचालींची एक साखळी असते, तिला काता म्हणतात. पहिलाच काता मला अकरा आठवडे लागला. बाकीच्या बायका घरी गेल्यावर विसरत, मी वळण घेता घेताच विसरे आणि भिंतीकडे तोंड करून एकटीच उभी राही. शेजारच्या बिल्डिंगमधली दहा वर्षांची मुलगी माझ्या मागून आली आणि दोन बेल्ट पुढे गेली. ती मला म्हणायची, "आजी, कंबर वळवा, कंबर!" माझ्या कंबरेचं वय तिला कोण सांगणार?

हे सगळं मी सहन केलं. उलट थोडं आवडलंही. मी तेहतीस वर्षं मुलांना 'ही गोज' मधला शेवटचा 'ज' शिकवला. नियम त्यांना पाठ असायचा, फळ्यावर बरोबर लिहायची, आणि बोलताना पुन्हा 'ही गो'. मी लाल शाईने वह्या रंगवायचे आणि मनात म्हणायचे, एवढं साधं कसं जमत नाही? आता लाल शाई माझ्या वाट्याला आली होती. म्हटलं, बरं झालं.

दुसऱ्या वर्षी जोडीदारासमोर सराव सुरू झाला, आणि तिथे माझी खरी चूक दिसली.

समोरासमोर उभं राहायचं. डावा पाय पुढे, दोन्ही मुठी छातीसमोर. याला गार्ड म्हणतात. समोरची एक पाऊल टाकून पंच मारते, तुम्ही डाव्या हाताने तो बाजूला करायचा आणि उजव्याने उत्तर द्यायचं. माझ्या समोर बहुतेक वेळा एक चाळिशीची बाई असे. रावेरकडची, केळीवाल्या घरातली. इथे केळीच्या वेफर्सचा धंदा करते. दंडात ताकद आणि तोंडात मिरची. ती पंच मारायला यायची आणि माझा डावा हात छातीसमोरून निघून डोक्याकडे जायचा. हनुवटी खाली. पाय अर्धं पाऊल मागे. डावी बरगडी उघडी.

"मॅडम, हात!" शिकवणारी ओरडे.

"कुठला?"

"डावा! परत वर गेला!"

वेफर्सवाली कमरेवर हात ठेवून हसायची. "काय मावशी, पदर सावरू राहिल्या का? मी काय तुमची सासू आहे?"

सगळ्या हसायच्या. मीही. कारण तिने बरोबर ओळखलं होतं. आयुष्यभर साडी नेसली, उजवा हात कामात असायचा, म्हणून डोक्यावरचा पदर नेहमी डाव्या हाताने. सवयच ती. मला वाटलं, सवय आहे तर सरावाने जाईल.

ती गेली नाही. आरशासमोर उभी राहून शंभर वेळा केलं, तर शंभर वेळा हात जागेवर. काता करताना जागेवर. वेफर्सवाली समोर आली, की हात डोक्यावर. मी त्याला सांगत असे, राहा. तो राहत नसे. हात माझा आणि हुकूम दुसऱ्या कुणाचा, असं वाटू लागलं. पिवळ्या बेल्टच्या परीक्षेत मी दोनदा नापास झाले. त्याआधी मी कधी कुठल्या परीक्षेत नापास झाले नव्हते, हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्यासारखंच मीही एकदा ठरवलं होतं, सोडून द्यावं.

पण मला टापटिपीची खोड आहे. सोडण्यापूर्वी मी एक वही केली. चार रकाने आखले: तारीख, सराव, चूक, समोर कोण. दोन महिने प्रत्येक वर्गानंतर लिहिलं. मग एका दुपारी चष्मा पुसून वाचायला बसले. चौदा वेळा हात वर गेला होता. त्यात तेरा वेळा समोर वेफर्सवाली होती. चौदाव्या वेळी दुसरी एक बाई होती, आणि माझ्याच अक्षरात शेजारी लिहिलेलं होतं: 'आज हिला खोकला.'

मी ते वाक्य वाचलं, वही मिटली, आणि चहा करायला उठले. तेव्हाही मला पुरतं कळलं नव्हतं. पण कळायला नको असं मात्र वाटत होतं.

त्या शुक्रवारी मला पाच मिनिटं उशीर झाला. सभागृहाच्या दाराबाहेर मी वाकून चप्पल काढत होते. आत सराव सुरू झालेला होता. पंच मारताना श्वास जोरात बाहेर फेकायचा असतो. प्रत्येकीचा आवाज वेगळा. कुणी फुंकल्यासारखं करते, कुणी कण्हल्यासारखं. वेफर्सवालीचा श्वास घशातून येतो: 'अह्हं.' जाड, कोरडा, मध्येच तोडलेला.

तो आवाज दाराआडून आला आणि माझा डावा हात डोक्यावर गेला. डोक्यावर पदर नव्हता. अंगावर कराटेचा ड्रेस होता. मी मान खाली घातली आणि भिंतीला लागून सरकले, कुणाला तरी वाट द्यायला. तशीच उभी राहिले. कुणी आलं नाही. आत आकडे मोजणं चालू होतं.

तो माझ्या सासऱ्यांचा, आबांचा, आवाज होता.

तुम्हाला हे कुणी सांगितलं नसेल. आमच्या गावच्या घरी वडीलधारा पुरुष आत येण्याआधी ओट्यावर उभा राहून खाकरत असे. घसा खराब असतो म्हणून नव्हे. आत सुना आहेत, त्यांनी पदर घ्यावा, आडोशाला व्हावं, म्हणून ती सूचना. खाकरल्यावर सासरे उंबऱ्याबाहेर क्षणभर थांबत. दोन-तीन श्वासांइतकं. तेवढा वेळ ते आम्हाला देत. ती त्यांची सभ्यता होती आणि गावात तिचं कौतुक होतं. धुळ्याहून लग्न होऊन आले तेव्हा मला ही पद्धत माहीत नव्हती. आमचं घर कचेरीतल्या नोकरदाराचं, वडील थेट घरात येत आणि बूट काढत. पण सहा महिन्यांत मी तयार झाले. खाकरलं की हात. मधे विचार नाही. कराटेत आम्हाला अगदी तेच शिकवतात, मधे विचार नको.

आता तो दिवस सांगते.

मी तेव्हा धरणगावच्या शाळेत नोकरीला लागले होते, एस.टी.ने जात-येत असे. शनिवार होता. शनिवारी सकाळची शाळा असल्यामुळे मी साडेबारापर्यंत घरी आले होते. तुमचे आजोबा कापूस घेऊन जिनिंगवर गेले होते. तुमचा बाबा जन्मायचा होता. चुलीवर दूध उतू गेलं. एवढंच कारण. दिराला उतू गेलेल्या दुधाचा वास सहन होत नसे, की त्याचा त्या दिवशी दुसरीकडे कुठे अपमान झाला होता, मला माहीत नाही. त्याने जावेला थोबाडीत मारली. ती तेव्हा वीस वर्षांची होती.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मी एक पाऊल पुढे टाकलं. डावं. तोंड उघडलं होतं. काय म्हणणार होते ते आठवत नाही, बहुधा नुसतं "भाऊ" म्हणणार होते. आणि ओट्यावर सासरे खाकरले.

माझा डावा हात डोक्यावर गेला. हनुवटी खाली गेली. पुढे टाकलेलं पाऊल मागे आलं.

ते उंबऱ्याबाहेर थांबले होते. आम्हाला पदर घ्यायला वेळ देत होते. त्या दोन-तीन श्वासांत दुसरी थोबाडीत बसली. कान गेला तो त्या दुसऱ्या फटक्याने.

मग सासरे आत आले. त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. दिराचा हात तोवर खाली आला होता. ते म्हणाले, "पाव्हना ई राहिनात. चहा ठेवा." पाहुणे येत होते. मी चहा ठेवला. जाऊ भिंतीशी कान धरून बसली होती आणि मी तिच्या पुढ्यातून साखरेचा डबा घेतला.

एवढंच. त्यानंतर चाळीस वर्षं मी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही, तुमच्या आजोबांनाही नाही. पण खोटं बोलणार नाही, मनात मी तिचा एक हिशेब मांडून ठेवला होता. मी काही केलं नाही हे खरं, पण एक पाऊल टाकलं होतं. बाकी घरात कुणी तेवढंही केलं नव्हतं. या एका पावलावर मी स्वतःला बऱ्यापैकी बाई समजत आले. आणि आता हात वर जायला लागल्यापासून मला त्या पावलाची खात्री हवी होती. ते कुणी पाहिलं असेल तर फक्त जावेने.

सभागृहाच्या दारातल्या त्या प्रसंगानंतरच्या मंगळवारी मी वेफर्सवालीसमोर उभी राहिले, आणि या वेळी तिचा आवाज ऐकू येण्याआधीच त्याची वाट पाहत होते. त्याने जास्तच बिघडलं. हात गेला, पाय मागे गेला, आणि तिचा पंच थेट बरगडीवर आला.

"अगं बाई! मावशी! लागलं का हो? तुम्ही हात का काढून घेतला?" तिनेच मला धरलं. "माझ्या मेलीच्या हाताला काही कळतं का!"

"तुझा हात ठीक आहे," मी म्हटलं.

बरगडी मोडली नव्हती, पण डॉक्टरांनी तीन आठवडे घरी बसायला सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात मी गावी गेले.

उन्हाळा लागला होता. जाऊ गच्चीवर बिबड्या घालत होती. ज्वारीच्या शिजवलेल्या पिठाचे हे पापड तुम्ही तळून खाल्ले आहेत, घालताना पाहिलेले नाहीत. ओल्या कापडावर गरम घाटा घ्यायचा आणि ओल्या हाताने गोल पसरवायचा. मी तिच्या उजवीकडे बसले. मला कामाला लावायला तिला आवडतं, पण बरगडीमुळे तिने फक्त पाण्याचं भांडं धरायला दिलं.

"कशी लागनं?" तिने विचारलं.

मी सांगितलं. चाळिशीच्या बाईने मला पंच मारला हे ऐकून ती इतकी हसली की हातातला घाटा सांडला. "म्हतारपनमा मार खावाले पैसा देतस का अक्का?"

मीही हसले. मग हसू ओसरल्यावर मी म्हटलं, "त्या दिवशीचं विचारायचं आहे. कानाचं."

तिने हात थांबवला नाही. "इचारा."

"मी पुढे आले होते ना? एक पाऊल? तू पाहिलं होतंस का?"

ती माझ्याकडे बघत राहिली. राग नव्हता. कुठल्या गावाला जायची बस विचारते आहे ही, अशी बघत होती.

"अक्का," ती म्हणाली, "तुम्ही ते शायामा व्हतात."

"नाही गं. शनिवार होता. सकाळची शाळा. मी दारात उभी होते."

"तुम्ही नव्हतात. घरमा मी एकलीच व्हतू. त्यास्नी एकच झापड मारी, आणि आबा उनात."

"एकच? दोन. दुसरी तर..."

"एकच. मना कान शे, माले माहीत नही का?"

मी शेवटची खूण म्हणून विचारलं, "आणि चहा? पाहुण्यांचा चहा मी ठेवला."

"चहा ते मीच ठेवा," ती म्हणाली. "कानमा शिटी वाजे, आणि चहा उकयना ते बी आयकू ई ना. देखी देखी उतारा." उकळी ऐकू येत नव्हती, म्हणून चहा तिने बघून बघून उतरवला होता. मग माझा चेहरा पाहून तिने पीठ लागलेला हात हलवला. "जाऊ द्या. कोन्ही बी ठेवा व्हयी. पाव्हना पी गयात."

मुलांनो, मी त्या गच्चीवर बसून मनात शनिवारची घंटा, एस.टी.ची वेळ, दाराची चौकट, सगळं तपासलं. मला साखरेचा डबा आठवतो. झाकणावरचा पोचा आठवतो. तो डबा मी रोजच हाताळत होते, म्हणजे त्याने काही सिद्ध होत नाही. मी शाळेत असेन, आणि संध्याकाळी घरी येऊन सगळं ऐकलं असेल, आणि नंतर कधीतरी स्वतःला त्या दारात उभं केलं असेल, एक पाऊल पुढे टाकायला. की मी होते, आणि तिने मला तिथून काढून टाकलं? माझ्यावर दया करून? की मी तिच्या लेखी तेव्हा नसल्यासारखीच होते? शाळेचं जुनं हजेरी मस्टर मागावं असंही डोक्यात आलं. पण तारीख दोघींनाही माहीत नाही. काय शोधणार?

"पण मग माझा हात का जातो?" मी तिला म्हटलं. मी उभी राहिले आणि तिला गार्ड करून दाखवला. डावा पाय पुढे, मुठी छातीसमोर.

"हाई काय, फुगडी शे का?"

"थांब. तू आबांची नक्कल कर. खाकर."

लग्न होऊन आल्यावर ती मागच्या दारी त्यांची हुबेहूब नक्कल करायची आणि आम्ही तोंडात पदर कोंबून हसायचो. त्याला खूप वर्षं झाली होती. तिने मान ताठ केली, गाल आत ओढले आणि खाकरली. 'अह्हं.'

तो आवाज तिच्या घशातून आला, पण तिचा नव्हता.

माझा हात डोक्यावर गेला. आणि तिचाही गेला. स्वतःच खाकरली होती, तरी गेला. घाट्याने भरलेला डावा हात तिने पदराला लावला, पदर डोक्यावर ओढला, आणि पांढऱ्या केसांत ज्वारीचं पीठ भरलं. आम्ही दोघी म्हाताऱ्या माना खाली घालून, भर उन्हात, त्या गच्चीवर थांबलो. खरंच थांबलो. दोन-तीन श्वास. जिन्याकडे मी पाहिलं नाही, तिनेही पाहिलं नाही.

मग कापडावरची बिबडी वाळायला लागली आणि तिने ती सोडवून खाटेवर टाकली. केसांतलं पीठ मी पाण्याने काढून दिलं. निघताना मी विचारलं, हे मुलांना लिहू का? ती म्हणाली, "लिखा. पन मी सांगं ते बी लिखा." म्हणून तिचं बोलणं जसंच्या तसं वर लिहिलं आहे. मी त्यात माझ्या बाजूने दुरुस्ती केलेली नाही. लाल शाई लावावी असं फार वाटलं, पण लावली नाही.

बरगडी बरी झाल्यावर मी वर्गात परत गेले. शिकवणाऱ्या मुलीला मी थोडक्यात सांगितलं, कुणाचा कान ते न सांगता. तिने नीट ऐकून घेतलं. पुढच्या वर्गाला ती उत्साहाने म्हणाली, "मॅडम, मी विचार केला. हात वर जातोच आहे ना, तर जाऊ द्या. फक्त मूठ वळा आणि कोपर बाहेर काढा. डोक्यावरचा वार अडवायचा ब्लॉक होतो तो. तुमचा तर आपोआप येतो!"

तिने करून दाखवलं. खरंच सुंदर ब्लॉक होता. पदर घेणारा हात, थोडा फिरवलेला.

मी नको म्हटलं. तिला वाईट वाटलं असावं, आणि मला नीट समजावून सांगताही आलं नाही. पण त्या हालचालीने तेव्हा कुठलाच फटका अडवला नव्हता. तिला आता ढाल म्हणायचं, तिच्यासाठी बेल्ट घ्यायचा, हे मला जमणार नाही. ती चूक आहे आणि चूकच राहू दे.

मुलीने मग सुचवलं, जोडीदार बदलते. तेही मी नको म्हटलं. मंगळवारी आणि शुक्रवारी मी वेफर्सवालीसमोरच उभी राहते. तिला आता माहीत आहे की तिच्या आवाजाने मला काहीतरी होतं. काय होतं ते तिने विचारलं नाही. एकदा दयेने तिने श्वास न फेकता पंच मारला. माझा हात जागेवर राहिला आणि पंच छान अडवला गेला. मी तिला म्हटलं, "असं नको करूस. आवाज कर."

"मावशी, तुम्ही पण ना," ती म्हणाली, आणि तिने आवाज केला.

कधी हात जातो, कधी जात नाही. न गेलेल्या दिवशी मी आनंदाने घरी येते असं नाही. उलट त्या दिवशी घरात शिरताना दाराशी जरा रेंगाळते. पुढच्या परीक्षेला नाव दिलेलं नाही. वहीत चारच रकाने आहेत आणि मी अजून लिहिते.

धाकटे, माहीत असूनही चूक का होते, असं तू विचारलंस. माझ्याकडे एवढंच आहे की माझी चूक मी शिकले होते, पुष्कळ मेहनतीने, आणि ती करताना माझं कौतुकही झालं होतं. तुझी कुठून आली ते मला माहीत नाही. ती कुणी शिकवली होती का, ते तू बघ.

गावचं घर मागच्या वर्षी पाडून नवं बांधलं. ओटा नाही, उंबरा नाही, दाराला बेल आहे. त्या दुपारी त्या घरात जी माणसं होती, किंवा मी समजते ती होती, त्यांतल्या आता आम्ही दोघीच उरलो आहोत. तिचा एक कान चांगला आहे. मी अजून दर रविवारी तिला फोन करते आणि ती तो त्या कानाला लावते. त्या दिवसाच्या आठवणी दोन आहेत, आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत.